उद्याची हवा आज कशी कळते? चिंचोके, खडूचा चौकोन आणि प्रदूषणाचं गणित



मागच्या डिसेंबरातली गोष्ट. आमची शाळा पुण्याच्या कडेला आहे. एका बाजूला उसाची शेतं, दुसऱ्या बाजूला नव्या इमारतींचे सांगाडे. माझ्या चौथीच्या वर्गात एका मुलाला दमा आहे. दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात त्याचा पंप असतो आणि तो कुठे असतो हे सगळ्या वर्गाला ठाऊक आहे. एके दिवशी शाळा सुटताना त्याची आई आली, मोबाईल पुढे धरून म्हणाली, "मॅडम, उद्या हवा वाईट दाखवतंय. ह्याला पीटीला पळायला नका लावू."

मी "बरं ताई" म्हटलं. पण शेजारी उभी असलेली एक मुलगी सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "बाई, उद्याची हवा अजून आलीच नाही, मग मोजली कशी?"

मी घाईत सांगून टाकलं, उपग्रहावरून. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "पण उपग्रहाला पण आजचंच दिसणार ना?"

मुलांचा असा प्रश्न आला की आपण दोन गोष्टी करू शकतो. "मोठी झालीस की कळेल" म्हणायचं, नाहीतर आपणच अभ्यासाला बसायचं. मी नाताळच्या सुट्टीत अभ्यासाला बसले. मी काही विज्ञानाची पदवीधर नाही, बारावी करून डीएड केलेली. तरीही मूळ कल्पना समजली, आणि ती चौथीच्या मुलांना चिंचोक्यांनी शिकवता येते हेही कळलं. तोच पाठ इथे मांडते आहे. 'परिसर अभ्यास' विषयातल्या हवेच्या घटकाला जोडून घेता येईल. गणितात तर कुठेही बसतो.

मॉडेल म्हणजे थर्माकोलचं नव्हे

मॉडेल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर विज्ञान प्रदर्शनातला रंगवलेला ज्वालामुखी येतो. इथलं मॉडेल म्हणजे हिशोब. मराठी पुस्तकांत त्याला 'प्रारूप' म्हणतात, मी बोलीतला शब्दच वापरते. हवेत काहीतरी येतं, काहीतरी जातं, काहीतरी बदलतं. या तिन्हीचा हिशोब ठेवत पुढे पुढे जायचं. घरातल्या पाण्याच्या टाकीचा हिशोब आपण असाच करतो. नळ किती वेळ आला, खाली किती गेलं, तर संध्याकाळपर्यंत पुरेल का? टाकीत न डोकावताही सांगता येतं. उद्याची हवा 'मोजलेली' नसतीच, ती हिशोबाने काढलेली असते. त्या मुलीच्या प्रश्नाचं एका ओळीतलं उत्तर खरं तर हेच. पण एका ओळीत मुलांचं समाधान होत नाही.

साहित्य : शंभर चिंचोके, खडू, वही.

फरशीवर खडूने एक मोठा चौकोन काढला. हा चौकोन म्हणजे आपलं गाव आणि त्यावरची हवा. चिंचोका म्हणजे धुराचा कण. नियम दोन. दर तासाला (म्हणजे दर टाळीला) गावातल्या चुली, गाड्या, भट्ट्या मिळून १६ चिंचोके आत टाकतात. आणि दर तासाला वारा आत असलेल्यांपैकी निम्मे बाहेर नेतो. मोजणी चिंचोके टाकल्यानंतर करायची.

पहिला तास, १६. वाऱ्याने ८ नेले, नवीन १६ आले, २४. वाऱ्याने १२ नेले, १६ आले, २८. मग ३०. मग ३१. इथे वर्गात भांडण लागलं. ३१चे निम्मे कसे करायचे? एकजण म्हणाला चिंचोका फोडू. दुसरी म्हणाली एकदा १५ नेऊ, पुढच्या वेळी १६. मी त्यांना भांडू दिलं, कारण संगणकातही हीच अडचण येते. त्यालाही ठरावीकच आकडे ठेवता येतात, उरलेलं कुठेतरी कापावं लागतं, आणि लाखो वेळा थोडं थोडं कापलं की चूक मोठी होऊ शकते.

शेवटी मुलांच्या लक्षात आलं की आकडा ३२च्या पुढे जातच नाही. का? एका मुलाने फार छान सांगितलं, "बाई, ३२ झाले की वारा १६ नेतो आणि आपण १६च टाकतो." बस, एवढंच. जेवढं येतं तेवढंच जातं तेव्हा पातळी थांबते. धूर रोज निघतो तरी हवा दिवसेंदिवस काळी काळी होत का जात नाही, याचं उत्तर यात आहे.

मग मी म्हटलं, आता वारा पडला. आता तो निम्मे नाही, पावच नेणार. धूर मात्र तेवढाच, १६. मुलांनी ३२ पासून सुरुवात केली. ८ गेले, १६ आले, ४०. दहा गेले, १६ आले, ४६. पुढे पुन्हा चिंचोका फोडायची वेळ आली म्हणून हिशोब फळ्यावर नेला. कुठे थांबणार? पाव भाग म्हणजे १६ व्हायला आत किती हवेत? ६४! एकही जास्तीची चूल न पेटता हवा दुप्पट घाण झाली.

हे मुलांना फार लागलं. त्यांच्या मनात हिशोब सरळ होता, हवा खराब झाली म्हणजे कुणीतरी जास्त धूर केला. आपल्याही मनात तोच असतो. पण डिसेंबरात गावातल्या गाड्या काही ऑक्टोबरच्या दुप्पट होत नाहीत.

हवेचं झाकण

दुसरी गोष्ट अजून महत्त्वाची. हिवाळ्यात संध्याकाळी गावावर धुराची एक आडवी पट्टी दिसते ना? चुलीचा धूर वर जातो, जातो आणि एका उंचीवर झोपतो. मुलांनी ती सगळ्यांनीच पाहिलेली असते. एरवी जमिनीजवळची हवा गरम आणि वरची गार, त्यामुळे खालची हवा वर चढते आणि धूर मिसळून जातो. थंडीत सूर्य मावळला की जमीन भराभर गार होते, तिला टेकलेली हवा गार आणि जड होते, आणि वर तुलनेने गरम हवेचा थर राहतो. जड हवा वर चढणार कशी? झाकण बसलं. उन्हाळ्याच्या दुपारी हे झाकण दोन-तीन किलोमीटर उंचीवर असू शकतं. हिवाळ्याच्या पहाटे ते काही शे मीटरवर, कधी त्याहूनही खाली येतं.

इथे पाचवीपासून पुढच्या मुलांना एक खरं गणित देता येईल. मी स्वतः ते केलं तेव्हा दोनदा तपासलं, कारण उत्तरावर विश्वास बसेना. दहा किलोमीटर लांब, दहा रुंद आणि एक किलोमीटर उंच अशी हवेची पेटी घ्या. तिचं घनफळ १०० घन किलोमीटर, म्हणजे १ वर ११ शून्यं एवढे घनमीटर. आता तिच्यात सहा टन बारीक धूळ सारखी पसरा. सहा टन म्हणजे एक लहानसा ट्रक! दर घनमीटरला किती आली? ६० मायक्रोग्रॅम. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान कण, आणि त्यांच्यासाठी भारतात २४ तासांची मर्यादा नेमकी ६० मायक्रोग्रॅमच आहे. (जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची शिफारस तर १५ची आहे.) म्हणजे अख्ख्या शहराची हवा मर्यादेला न्यायला एक ट्रकभर धूळ पुरते.

आणि झाकण २५० मीटरवर आलं तर? ट्रक तोच, धूळ तीच, पेटी चौथाई. आकडा २४०. हवा 'अतिशय वाईट' या गटात गेली.

हे समजल्यावर मला माझीच गंमत वाटली. आम्ही वर्षानुवर्षं थंडीत सकाळी साडेसातला मुलांना मैदानावर पळवत होतो, 'सकाळची ताजी हवा' म्हणून.

एका चौकोनाचे लाखो चौकोन

आता एकच चौकोन धरणं म्हणजे सगळं पुणे एका रंगात रंगवण्यासारखं आहे. म्हणून आम्ही फरशीवर शेजारी शेजारी नऊ चौकोन काढले. प्रत्येक चौकोनात एक मूल. वारा पश्चिमेकडून. टाळी वाजली की प्रत्येकाने आपले निम्मे चिंचोके पूर्वेच्या शेजाऱ्याला द्यायचे. धूर फक्त डावीकडच्या तीन चौकोनांतच टाकायचा. पाच-सहा टाळ्यांत, ज्या मुलीच्या चौकोनात कुणी काही टाकलंच नव्हतं तिच्याकडे ढीग जमला. "बाई, मी तर काहीच केलं नाही!" ती म्हणाली. वाऱ्याखाली राहणाऱ्या प्रत्येक गावाचं हेच म्हणणं असतं.

खरी मॉडेल्स असंच करतात. नकाशावर जाळी टाकायची, उंचीचेही थर करायचे, आणि प्रत्येक पेटीचा हिशोब शेजारच्या पेट्यांशी जोडायचा. टाळी किती वेळाने वाजवायची यालाही नियम आहे. समजा चौकोन दोन किलोमीटरचा आणि वारा सेकंदाला दहा मीटर. वारा चौकोन पार करायला २०० सेकंद घेतो. टाळी त्याहून उशिरा वाजली तर धूर मधला चौकोन ओलांडून उडी मारेल आणि हिशोब बिघडेल. म्हणून साध्या पद्धतीत टाळी २०० सेकंदांच्या आतच हवी. चौकोन निम्मा केला, म्हणजे एक किलोमीटरचा, तर त्याच नकाशावर चौपट चौकोन होतात आणि टाळ्याही दुप्पट लागतात. म्हणजे काम आठपट. "अजून बारीक का नाही काढत?" या प्रश्नाचं उत्तर हे आठपट आहे.

हा हिशोब आधी हवामानासाठी सुरू झाला, आणि त्याची गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे. लुईस फ्राय रिचर्डसन नावाचे इंग्रज गणितज्ञ होते. पहिल्या महायुद्धात हातात बंदूक घ्यायची नाही म्हणून ते फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवायला गेले. तिथे असताना त्यांनी हाताने, कागदावर, २० मे १९१० या होऊन गेलेल्या दिवसाच्या सहा तासांचं हवामान काढून पाहिलं. उत्तर साफ चुकलं. हवेचा दाब सहा तासांत १४५ हेक्टोपास्कलने वाढेल असं आलं. एवढा दाब तर मोठ्या वादळातही बदलत नाही, आणि त्या दिवशी तो जवळजवळ हललाच नव्हता. रिचर्डसननी काय केलं? १९२२ साली पुस्तक छापलं आणि चुकलेलं उत्तर त्यात तसंच्या तसं ठेवलं. सगळ्या जगाचं हवामान काढायला एका भव्य सभागृहात ६४,००० माणसं बसून आकडेमोड करतायत असं स्वप्नही त्यात लिहिलं. पुढे कळलं की पद्धत बरोबर होती, सुरुवातीला भरलेल्या आकड्यांचा एकमेकांशी मेळ नव्हता. वहीतलं चुकलेलं गणित खोडरबराने घासून भोक पाडणाऱ्या मुलांना मी ही गोष्ट हमखास सांगते.

चिंचोके रंग बदलतात तेव्हा

इथवर फक्त येणं आणि जाणं झालं. खरी गुंतागुंत तिसऱ्या भागात आहे, बदलण्यात. हवेत रसायनशास्त्र चालू असतं. एका धुराचा दुसराच वायू बनतो, जो कुठल्याही नळकांड्यातून बाहेर पडलेला नसतो. जमिनीलगतचा ओझोन असा आहे. (वर, पंधरा ते पस्तीस किलोमीटरच्या दरम्यानचा ओझोन आपलं रक्षण करतो. खालचा फुप्फुसांना त्रास देतो. वायू एकच, जागा वेगळी. मुलं यात हमखास गोंधळतात, आपणही.)

लॉस एंजेलिसमध्ये १९४०च्या दशकात डोळे चुरचुरणारं धुकं पडू लागलं. पिकांची पानं करपत होती, रबराला भेगा पडत होत्या. नेमकं काय चाललंय ते कळेना. ते शोधलं एरी हागेन-स्मित या मूळ डच रसायनशास्त्रज्ञाने, जो तोवर अननसाच्या वासाचा अभ्यास करत होता! त्याने दाखवलं की गाड्या आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांमधून निघणाऱ्या वाफा आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो.

हे आम्ही मैदानावर चेंडूंनी खेळलो. चेंडू म्हणजे ऑक्सिजनचा अणू. नायट्रोजन डायऑक्साइड झालेल्या मुलाच्या हातात दोन चेंडू. 'सूर्य' झालेल्या मुलीने हात लावला की त्याचा एक चेंडू सुटतो आणि तो नायट्रिक ऑक्साइड होतो. सुटलेला चेंडू जवळच्या दोन चेंडूवाल्या ऑक्सिजनकडे जातो, तीन झाले, ओझोन! हा ओझोन फिरताना नायट्रिक ऑक्साइडला भेटला की एक चेंडू त्याला परत देतो. पुन्हा जिथे होतो तिथे. गोल फिरत राहतं, ओझोन साठत नाही.

आता वाफांची मुलं आत सोडली. पेट्रोल, रंग, थिनर यांच्या वाफा हवेत मोडत जातात आणि त्यातून बनणारे तुकडे नायट्रिक ऑक्साइडला आपणच चेंडू देऊन टाकतात. ओझोन येतो तोवर समोरच्याचे हात भरलेले! मग ओझोन आपला चेंडू देणार कुणाला? तो साठत जातो. दहा मिनिटांत मैदानावर ओझोनच ओझोन झाला आणि सूर्य दमून बसला.

या खेळातून एक विचित्र निष्कर्ष निघतो. नायट्रिक ऑक्साइड थोडं कमी केलं तर काही ठिकाणी ओझोन वाढू शकतो, कारण त्याला खाणारंच कमी झालं. लॉस एंजेलिसमध्ये रविवारी ट्रक कमी आणि ओझोन जास्त असं दिसत आलं होतं. २०२०च्या टाळेबंदीत अनेक शहरांत नायट्रोजन डायऑक्साइड घसरला, तरी काही ठिकाणी ओझोन वाढला. म्हणून 'धूर निम्मा केला की प्रदूषण निम्मं' हा सरळ त्रैराशिकाचा हिशोब इथे चालत नाही. नेमकं काय आणि किती कमी करायचं हे ठरवायला मॉडेल लागतं. माझ्या मते मॉडेलचा सगळ्यात मोठा उपयोग उद्याचा आकडा सांगण्यात नाहीच. 'असं केलं तर काय होईल' हे लोकांच्या फुप्फुसांवर प्रयोग न करता विचारता येतं, त्यात आहे.

संगणकाची इथे एक वेगळीच पंचाईत होते. काही कण हवेत जेमतेम सेकंदभर टिकतात, कार्बन मोनॉक्साइड महिना-दोन महिने, मिथेन दहा-बारा वर्षं. एकाच वर्गात सगळ्यात चपळ आणि सगळ्यात संथ मूल घेऊन एकच तास शिकवायचा तसं. त्यासाठी गणिताच्या खास पद्धती आहेत, त्यात मी शिरत नाही.

ज्या दिवशी फोन चुकला

पुण्यात बसून हे लिहिताना सांगायलाच हवं की या कामाचं मोठं केंद्र आपल्या इथेच आहे. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने 'सफर' ही हवेचा अंदाज देणारी यंत्रणा उभी केली. २०१० साली दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी ती सुरू झाली, २०१३ साली पुण्यात आली, २०१५ साली मुंबईत. दिल्लीसाठी पुढे याच संस्थेने ४०० मीटरच्या चौकोनांपर्यंत जाणारं मॉडेल चालवलं.

तर जानेवारीतल्या एका दिवशी मी फोन पाहिला. आकडा शंभरच्या आत, 'समाधानकारक'. मी निर्धास्तपणे मुलांना बाहेर काढलं, दम्याच्या मुलालाही, कारण त्याला रोज बसवून ठेवणं मला आवडत नव्हतं. दहा मिनिटांत त्याला धाप लागली. भिंतीपलीकडे कुणीतरी कचरा पेटवला होता, प्लॅस्टिकसकट. पंप दिला, आत नेलं, आईला फोन केला. ती आली तेव्हा तो बरा होता. ती काही बोलली नाही. नुसती माझ्याकडे आणि माझ्या हातातल्या फोनकडे बघत राहिली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मला फोनचा राग आला होता. पण सुट्टीत जे वाचलं होतं त्याचा अर्थ मला त्या दिवशी खरा कळला. मॉडेलमध्ये धूर कुठून येतो? कुणीतरी मोजून भरावा लागतो. कुठल्या चौकोनात किती गाड्या, किती चुली, कुठले कारखाने, किती इंधन, याची यादी करावी लागते. तिला उत्सर्जनाची नोंद म्हणतात. आमच्या भिंतीमागचा कचऱ्याचा ढीग अशा यादीत येणार कुठून? आणि समजा आला, तरी त्याचा धूर पूर्ण चौकोनात सारखा पसरलेला धरला जातो. माझा विद्यार्थी ढिगापासून चाळीस पावलांवर होता. फोन खोटं बोलला नव्हता. तो एका मोठ्या परिसराबद्दल बोलत होता आणि मी ते मैदानाबद्दल आहे असं ऐकलं.

आकड्याबद्दलही पालकांनी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, हवेचा निर्देशांक बहुधा २४ तासांच्या सरासरीवर काढतात (ओझोन आणि कार्बन मोनॉक्साइडसाठी आठ तास). सरासरी म्हणजे सकाळी आठचा वाईट तास आणि दुपारी तीनचा चांगला तास एकाच पिशवीत. दोन, तो सगळ्या प्रदूषकांची बेरीज किंवा सरासरी नसतो. ज्या प्रदूषकाचा आकडा सगळ्यात वाईट, तोच जाहीर होतो. तीन, ५१ ते १०० या 'समाधानकारक' गटाच्या खुलाशातही नाजूक प्रकृतीच्या लोकांना श्वासाचा किंचित त्रास होऊ शकतो असं लिहिलेलं असतं, आणि १०१ ते २०० या 'मध्यम' गटात तर दम्याच्या रुग्णांना त्रास होऊ शकतो असं स्पष्ट म्हटलं आहे. 'मध्यम' हा शब्द परीक्षेच्या श्रेणीसारखा वाचू नका.

त्यानंतर आम्ही दोन बदल केले. थंडीच्या दिवसांत खेळाचा तास सकाळचा काढून मधल्या सुट्टीनंतर नेला. तोवर ऊन पडून झाकण वर गेलेलं असतं. मुख्याध्यापकांना पटवायला चिंचोके घेऊन त्यांच्या टेबलावरच हिशोब मांडला, ते हसले पण वेळापत्रक बदललं. मार्च-एप्रिलमध्ये उलट. तेव्हा दुपारचं ऊन ओझोन बनवायला मदत करतं, आणि उन्हाचा त्रास वेगळाच, म्हणून तेव्हा सकाळच बरी.

दुसरा बदल म्हणजे वही. रोज साडेदहाला दोन मुलं व्हरांड्यात उभी राहतात. पलीकडची टेकडी दिसते का? पाण्याची टाकी स्पष्ट दिसते का? जळका वास? वारा कुठून (झेंड्याकडे बघून)? आणि शेजारच्या रकान्यात फोनवरचा अंदाज. जिथे दोन्ही जुळत नाहीत तिथे लाल खूण, आणि कारण शोधायचं. शास्त्रज्ञही अंदाज आणि यंत्रावरचं माप असंच शेजारी ठेवून पाहतात. आमची 'यंत्रं' म्हणजे डोळे आणि नाक, त्यामुळे फार फुशारकी मारण्यासारखं नाही. धुकं आणि धूर यांत मुलांची गल्लत होते. पण लाल खुणांपैकी बऱ्याच एकाच वाऱ्याच्या दिवशी पडतात, झेंडा शेताकडून शाळेकडे फडकत असताना, हे मुलांनीच शोधलं. त्या दिशेला भिंतीमागचा ढीग आहे. तो मुद्दा आता शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत गेला आहे.

एक सूचना, हा पाठ घेणाऱ्यांसाठी. धूर कसा पसरतो ते दाखवायला वर्गात उदबत्ती लावायचा मोह होईल. नका लावू. एखाद्या मुलाला दमा आहे हे आपल्याला माहीतच असेल असं नाही. धुराऐवजी काचेच्या पेल्यात शाईचा थेंब सोडा, तेवढंच छान दिसतं.

दम्याच्या मुलाच्या आईला मी ती वही दाखवली. तिने पानं उलटली, लाल खुणांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "मग मॅडम, आपल्या गावातला धूर त्या यादीत कुणी भरलाय का?"

मला सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न वर्गात विचारला. आता चौथीची मुलं आपापल्या गल्लीत मोजायला लागली आहेत. किती घरांत अजून चूल पेटते, किती दुचाकी, किती वीटभट्ट्या, कचरा कुठे आणि कोणत्या वारी जळतो. नकाशा फरशीवरच आहे, खडूचा. काल दोन गल्ल्या भरून झाल्या. दम्याच्या मुलाने त्याची गल्ली सगळ्यात आधी आणून दिली.